पिकल्या केळ्याचा वास

माझ्या धाकट्या बहिणीने केळी चोरून खाल्ली नव्हती. आमच्या घरात गेली चाळीसेक वर्षं जे सांगितलं जातं ते खरं नाही, आणि ते खरं नाही हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो आहे. म्हणून लिहितो.

आमचं गाव रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. घराच्या तीन बाजूंना आमचीच केळीची बाग होती. ज्यांनी केळीची बाग भर दुपारी आतून पाहिलेली नाही त्यांना मी काय सांगतो ते कळणार नाही. बाहेर ऊन डोळे फोडत असतं आणि आत संध्याकाळसारखा अंधार. पायाखाली ओल. वारा नसताना एखादं वाळकं पान हलतं आणि कुणी चाललं आहे असं वाटतं. घड उतरवला की ते झाड संपतं. ते उभं दिसतं, हिरवंही दिसतं, पण आतून सडायला लागलेलं असतं. हात लावला की बोट आत जातं.

वडील लवकर गेले. घरात माय, मी, माझी बायको आणि ही बहीण. मी तेव्हा अठ्ठावीसचा होतो, ती पंधराची. ऐंशी सालानंतरची सुरुवातीची वर्षं. त्या हिवाळ्यात ती वाळत गेली, घागरभर पाणी प्यायला लागली, आणि जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं की हिला साखरेचा आजार आहे. हा म्हातारपणी होतो तसला नाही. हिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, आता रोज सुई, जन्मभर. गावात तेव्हा एवढ्या लहान पोरीला साखर झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. बायका येऊन तिच्याकडे बघत बसायच्या.

सुई द्यायला मी शिकलो. काचेची सिरिंज पाण्यात उकळायची, दुधासारखं पांढरट औषध हातात फिरवून एकसारखं करायचं, मग मांडीत टोचायचं. ती डोळे मिटून म्हणायची, "भाऊ, सांगून टोच." मी म्हणायचो, "सांगितलं की दुखतं." ती म्हणायची, "तुले काय ठाऊक, तुले कधी टोचलं कुनी?" दोन-तीन महिने सगळं ठीक चाललं. तिच्या गालांवर पुन्हा मांस आलं. माघात ती शाळेतही जायला लागली.

आता माझ्या कामाचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू होतं.

मी तालुक्याच्या गावी बर्फाच्या कारखान्यात मशिनवर होतो. शेतावर मन रमलं नाही म्हणून तिथे लागलो आणि मशिन चालवण्यात तरबेज झालो. मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, तिच्यात पत्र्याचे उंच डबे सोडलेले, डब्यांत साधं पाणी. मिठाचं पाणी गोठत नाही, पण डब्यातलं पाणी गोठवतं. दीड दिवसात लादी तयार. बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना मी आत स्वेटर घालून फिरायचो, याचा मला मोठा अभिमान होता.

डॉक्टरांनी बजावलं होतं, औषध थंड ठेवा, आपल्याकडचा उन्हाळा त्याला सोसत नाही. आमच्या घरी फ्रीज नव्हता. ओल्या रेतीत माठ, माठात फडक्यात गुंडाळलेली बाटली, असं चाललं होतं. चैत्र लागला आणि माठातली बाटलीही हाताला कोमट लागायला लागली. मला एकदम सुचलं. मी जळगावहून महिन्याभराच्या चार बाटल्या आणल्या, स्टीलच्या डब्यात घातल्या आणि डबा कारखान्यात, जिथे पाइपांवर बोटभर पांढरं दहिवर साचतं, तिथे पाइपालाच तारेने बांधून टाकला. त्याहून थंड जागा अख्ख्या जिल्ह्यात नव्हती.

घरी येऊन मी मायला म्हणालो, "आपल्या पोरीचं औषध आता असं ठेवलंय, की कलेक्टरच्या बंगल्यातही एवढं थंड नसेल."

माय म्हणाली, "देव तुले सुखी ठेवो बाप्पा."

आठ दिवसांनी पहिली बाटली काढली. ती दगडासारखी झाली होती. आत पांढरा खडा. मी ती मुठीत धरून बसलो. चहा पिऊन होईस्तोवर ती वितळली. दूध नासायला लागलं की भांड्याच्या कडेला जसं बारीक काहीतरी चिकटतं, तसं काचेला चिकटलेलं दिसलं. मी बाटली फिरवली, जोरात हलवली, आणि ते गेल्यासारखं वाटलं. पुन्हा दुधासारखं एकसारखं झालं. मनात शंकासुद्धा आली नाही. माझा धंदाच तो होता. पाण्याचा बर्फ करायचा, बर्फाचं पाणी होतं, आणि ते पाणी पहिलंच असतं. मला दुसरं काही माहीतच नव्हतं.

ती बाटली मी घरी नेली.

लघवी तपासायची आमच्या घरी एक पद्धत होती. परीक्षानळीत निळं औषध, त्यात आठ थेंब लघवी, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. विटेसारखं तांबडं झालं तर भरपूर. हे काम माझ्या बायकोकडे होतं. इतके दिवस ती नळी हिरव्यापलीकडे गेली नव्हती. त्या आठवड्यात पिवळी झाली, मग नारिंगी, मग तांबडी. बायकोने नळी उजेडात धरली. मायने पाहिलं.

"काय खाल्लं वं तू?"

"काही नही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबडी. मी सुईचं औषध दोन रेघा वाढवलं. तिसऱ्या दिवशीही तांबडी. मग मायला वास आला. वेणी घालताना पोरगी बोलायला मागे वळली आणि मायचा हात थांबला.

"तोंड उघड."

तिने तोंड उघडलं.

"केळं खाल्लं न तू?"

"नही वं माय. तुही आन," तिने शपथ घेतली.

"मंग हा वास कुठून येऊ राह्यला?"

माय काही दुष्ट बाई नव्हती. पोरीला साखर झाल्यापासून घरात कुणी केळं खायचं नाही असा नेम तिनेच केला होता. पाहुण्यांना आणि देवाला लागतो म्हणून कोठीत निंबाच्या पाल्याखाली एक घड पिकत असायचा, तेवढाच. आणि वास खरोखरच येत होता. मीही घेतला. गोडसर, जरा उतरलेल्या केळ्याचा, ज्याच्या सालावर काळे ठिपके पडले आहेत त्याचा. आमच्याकडचं आंधळं माणूसही तो वास ओळखेल. दुसऱ्या गावात कदाचित कुणी म्हटलं असतं, काहीतरी विचित्र वास येतो आहे, डॉक्टरला विचारू. आमच्याकडे विचारायचं कारणच पडलं नाही. आम्हाला तो ओळखीचा होता.

मायने कोठीतल्या घडाला काळा दोरा बांधला. प्रत्येक फणीभोवती एक वेढा आणि शेवटी गाठ. सकाळी दोरा जसाच्या तसा. पोरीच्या तोंडाला वास कालच्यापेक्षा जास्त. मायने कोठीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला लावली. वास गेला नाही. मग ती पोरीलाच मधल्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावायला लागली. बागेत जाऊन खात असेल तर, म्हणून. संध्याकाळी कडी काढली की आतून वास यायचा. आता तो नुसता तोंडालाच नव्हता, खोलीभर पसरलेला होता. गोधडीला होता. जणू बंद खोलीत दिवसभर कुणी केळी पिकत घातली होती. आणि खोलीत काहीच नसायचं. तीच असायची, भिंतीला टेकून, मोठमोठा श्वास घेत.

त्या दिवसांत माय गप्प झाली. चोरी असती तर तिला कळली असती. चोरीवर बोलता येतं, मारता येतं. हे कळत नव्हतं. दोरा शाबूत, कडी शाबूत, आणि पोरीच्या आतून केळी पिकल्याचा वास. एकदा ती माझ्या बायकोला हळूच म्हणाली, "तिच्या तोंडानं दुसरंच कुनी खात तर नही?" बायकोने मला सांगितलं आणि वर म्हणाली, "मला त्या खोलीत झाडायला पाठवू नका." पोरीला हे ऐकू गेलं असणार. ती स्वतःच्या हाताच्या ओंजळीत श्वास सोडून वास घ्यायला लागली. मी ते पाहिलं आहे. श्वास सोडायची, वास घ्यायची आणि हाताकडे बघत बसायची. हात आपला नसावा तसं.

"भाऊ," तिने मला विचारलं, "मले तर आठोत नही. मी झोपेत खात असेल का?"

मी म्हणालो, "काहीतरीच. पाणी पी."

आता केळ्याच्या सालाचं सांगतो.

एका दुपारी मी पाळी संपवून सायकलवर घरी येत होतो. रस्त्यात केळी भरणाऱ्या ट्रकवाल्याने हाक मारून दोन केळी हातावर ठेवली. एक रस्त्यात खाल्लं. दुसरं खिशात राहिलं. घरी आलो तर पोरीला माय न्हाणीत घेऊन गेली होती, मधली खोली उघडी होती. घरातला नेम मोडताना कुणी पाहू नये म्हणून मी त्या खोलीत शिरून ते केळं दोन घासांत संपवलं आणि साल तिथल्या धान्याच्या पत्र्याच्या कोठाराच्या मागे टाकलं. नंतर काढू म्हटलं, आणि विसरलो. एवढंच.

दोन दिवसांनी मायला ते सापडलं. काळं पडून चिकटलेलं. तिने ते दोन बोटांत धरून अंगणात आणलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी कधीच विसरलो नाही. तिला राग आला नव्हता, हायसं वाटलं होतं. तिची पोरगी चोर निघाली होती, भूत नाही.

"पाहा रे बाप्पा! पाहा! हे काय आहे? म्हने मायची आन!" ती हसतही होती आणि रडतही होती. "अवं, सांगायचं न वं, खाल्लं म्हनून! आमचा जीव काढला न तू!"

शेजारणी आल्या. बायको पण हसली, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. कुणीतरी म्हणालं, "हिले केळीवाल्याच्या घरी देऊ नका, बाग उभीच्या उभी गिळीन!" सगळ्यांनी त्यावर हसून घेतलं. मी ओट्यावर बसलो होतो. बूट काढत होतो. एका वाक्याचं काम होतं, ते साल माझं आहे. नेम मोडल्याची लाज, एवढ्याशा गोष्टीसाठी मी ते वाक्य बोललो नाही. पुढे आयुष्यभर ते बोलण्याची किंमत वाढतच गेली.

ती दारात उभी होती. सालाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा प्रश्न संपलेला मी पाहिला. तिला तिचं उत्तर मिळालं होतं.

त्यानंतर मायने तिचं जेवण अर्धी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि पाणी एवढ्यावर आणलं, चोरीचा हिशोब भरून निघावा म्हणून. चार दिवसांनी ती उलट्या करायला लागली. पोट धरून आडवी झाली आणि श्वास असा घ्यायला लागली, जसा कुणी धावत डोंगर चढून आला आहे. बैलगाडीने तालुक्याला आणि तिथून भाड्याच्या जीपने जळगावला नेलं. जीपच्या काचा बंद होत्या, बाहेर लू होती. आतल्या वासाने ड्रायव्हर म्हणाला, "केळी भरून आणली का हो दादा?"

जळगावच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी तिच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि नर्सला भराभर काहीतरी सांगितलं. दोन दिवस सलाइन चाललं. तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बाकड्यावर बसवलं.

मी म्हणालो, "साहेब, पोरगी चोरून केळी खाते."

ते म्हणाले, "कुणी सांगितलं?"

"तोंडाला वास येतो ना."

ते माझ्या शेजारी बाकड्यावर बसले. मग समजावून सांगितलं, शाळामास्तरासारखं. रक्त म्हणजे रस्ता समजा. रस्त्यावर साखरेचे ट्रक उभे आहेत, पण दार उघडून माल आत घेणारा माणूस नाही. तो माणूस म्हणजे इन्सुलिन. शरीर लहान लहान पेशींचं बनलेलं असतं, त्या पेशी आत उपाशी बसतात, दाराशी ढीग असून उपाशी. मग जगण्यासाठी घरातलीच चरबी जाळायला घेतात. त्या जाळण्यातून जे निघतं ते श्वासातून बाहेर पडतं. "त्याला पिकल्या फळासारखा वास येतो. आम्हाला पुस्तकात शिकवतात. तुमची बहीण केळी खात नव्हती, उपाशी होती."

ते पुढे म्हणाले, "हिच्या पोटात इन्सुलिन करणाऱ्या पेशी असतात, त्या बऱ्याचशा आधीच मेल्या होत्या. शरीराच्याच रखवालदारांनी चुकून मारल्या. थोड्या उरल्या होत्या. म्हणून हिवाळ्यात ती सुधारली. त्या उरलेल्यांना बाहेरच्या औषधाने विसावा मिळतो. या महिन्यात तो मिळालेला दिसत नाही. ताणाखाली त्याही गेल्या असणार." मग त्यांनी विचारलं, "औषध ठेवत कुठे होता?"

"थंड जागी."

"गोठलं तर नव्हतं ना? गोठलं की ते गेलं. वितळल्यावर दिसतं तसंच, पण उपयोग नाही."

मी म्हणालो, "नाही साहेब. गोठलं नव्हतं."

हे मी लिहिलं. आता पुढे जातो.

घरी परतल्यावर मायने विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. वासाचं खरं कारण सांगितलं असतं तर दुसरा प्रश्न आलाच असता, मग सुई रोज देऊनही पोरगी उपाशी कशी राहिली? म्हणून मी म्हणालो, "खाण्यावर लक्ष ठेवा म्हणाले." माय म्हणाली, "मी काय सांगत होती?"

उरलेल्या दोन बाटल्या मी कारखान्यातल्या मिठाच्या टाकीत टाकल्या. त्या काळ्या पाण्याचा तळ कधी दिसत नाही. औषध मी तालुक्याच्या औषधदुकानातल्या फ्रीजमध्ये ठेवायला लागलो आणि तांबडी नळी पुन्हा हिरवी झाली. सगळे म्हणाले, पोरगी सुधारली, चोरी सोडली. पण मला कारखान्यात काम करवेना. बर्फाच्या लादीच्या पोटात एक पांढरा गाभा असतो, कडेला काच आणि मध्ये धुरकट. पाण्यातली हवा मध्ये कोंडते म्हणून तसं होतं, हे मला पक्कं माहीत होतं. तरी लादी डब्यातून सुटून फळीवर घसरली की मी त्या गाभ्याकडे बघायचो, आणि तिथे मला बाटलीचा आकार दिसायचा. टाकीतली वस्तू डब्यात येऊ शकत नाही. हेही मला माहीत होतं. एकेक दिवस मी लाद्या फोडून बघितल्या आहेत. वर्षभरात मी ती नोकरी सोडली.

बहिणीला घरात राहणं नको झालं. लग्नकार्यात, पंगतीत, कुणी ना कुणी तिच्यासमोर केळं नाचवायचं. "घे वं, कोठाराच्या मागं जाऊन खाय!" ती हसायची. तेही मी पाहिलं. दोन वर्षांनी धुळ्याची मावशी आली. ती एकटी राहायची, शिवणकाम करायची, आणि कुणालाही न विचारता बोलायची.

"ही पोर आते मन्हा घर ऱ्हाई," ती मायला तिच्या अहिराणीत म्हणाली. "तुम्ही बठ्ठा मिळीसन तिले मारी टाकशात."

बहीण धुळ्याला गेली, शिवण शिकली, एका बालवाडीत शिकवायला लागली. दहा-बारा वर्षं बरी गेली. पण मावशीने मला एक गोष्ट सांगितली होती. पहिल्या दिवशीच पोरीने तिच्याकडे एक मागणी केली. झोपताना माझ्या पायाला दोरी बांधून दुसरं टोक तुझ्या खाटेला बांध. मावशीने कारण विचारलं, "काब्र वं?" ती म्हणाली, "मी झोपेत उठून खाते." मावशीने बांधली नाही. मग ती स्वतःच बांधून घ्यायची.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिची नजर गेली. एक डोळा आधी, मग दुसरा. मी धुळ्याला गेलो. डोळ्याचे डॉक्टर वयस्क होते, बोलायला त्यांना आवडायचं. मी विचारलं, दुखत नव्हतं, लाल झालं नव्हतं, मग डोळा गेला कसा. ते म्हणाले, साखर फार काळ वाढत राहिली की पेशींवर ताण येतो. पेशीच्या आत प्रथिनं बनतात, दोऱ्यासारखी. बनल्यावर त्यांची ठरलेली घडी पडावी लागते, तरच ती कामाची. ताणात घड्या चुकतात. चुकलेल्यांचा ढीग साठत जातो. पेशी आधी काम थांबवून तो ढीग आवरायला बघते. आवरला तर वाचते.

"आणि नाही आवरला तर?"

"तर ती स्वतःला संपवते. आवाज नाही, सूज नाही. आकसते, आपलेच तुकडे करून गाठोडी बांधते, आणि शेजारच्या पेशी ती गाठोडी खाऊन टाकतात. जागा पुसून ठेवल्यासारखी होते. म्हणून कळत नाही."

मी त्यांना विचारलं, सुईचं औषध गोठलं तर काय होतं. ते म्हणाले, तेही प्रथिनच. घडी मोडते. दिसायला तेच.

त्या दुपारी मी ठरवलं. मावशी बाजारात गेली होती. बहीण खिडकीजवळ खाटेवर बसली होती, समोर शिवणाचं बंद मशिन, त्यावर तिचा हात. मी सगळं सांगितलं. कारखाना, पाइप, दगड झालेली बाटली. ट्रकवाल्याची केळी, साल. डॉक्टरांनी विचारलेलं आणि मी दिलेलं उत्तर. ती माझ्या दिशेने तोंड करून ऐकत होती, डोळे माझ्या जरा बाजूला.

"तू केळं खाल्लं नव्हतंस," मी म्हणालो. "कधीच नाही."

ती हसली. "भाऊ, मले माहीत आहे न."

मी तिच्याजवळ सरकलो.

"मले चव आठोते," ती म्हणाली. "कोठीत अंधार होता. फणीतलं शेवटचं केळं, जास्त पिकलेलं, डेठाकडं काळं. मी बसून खाल्लं. तोंडात आहे अजून ती चव. कधी कधी आताही येते."

मी म्हणालो, "ती चव बाहेरून आलेली नव्हती. ती आतली होती. शरीर जळत होतं त्याची."

"तू मोठा भाऊ आहे," ती म्हणाली आणि अंदाजाने माझा हात शोधून त्यावर थोपटलं. "मले वाईट वाटू नये म्हनून एवढं बनवून आणलं. पन आता काहून? आता मी मानून घेतलं."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. जितकं सांगत गेलो तितकं ते मलाच बनवलेलं वाटायला लागलं. शेवटी ती म्हणाली, "बस रे. तू रडू नको." तिच्या तोंडाला त्या वेळी कसलाच वास नव्हता. मी मुद्दाम घेतला.

त्यानंतर दीड वर्षाने तिची किडनी गेली, आणि ती गेली. धुळ्यालाच.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. घागरीवर खरबूज ठेवतात, पुरणपोळी-आमरसाचं पान वाढतात, आणि निखाऱ्यावर घास टाकल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. ज्याला जे आवडायचं ते त्याच्या पानावर. माय असतानाच सुरू झालं. तिच्या पानावर दोन पिकलेली केळी. "जिती असताना चोरून खाल्लं पोरीनं," माय म्हणायची, "आता तरी बसून खाऊ दे." माय गेली, बायको गेली, आणि ती केळी राहिली. माझ्या सुनांनी तर तिला पाहिलंही नाही. पण नातवंडांना ती गोष्ट पाठ आहे. दोरा, कडी, साल. दरवर्षी आखाजीला हसत हसत सांगतात. गोष्टीतली आत्याआजी भुतासारखी कुलपातून जाऊन केळी खाते. लहान मुलं त्या दिवशी मधल्या खोलीत एकटी जात नाहीत.

या वर्षी घागर भरली, पानं मांडली. निखारे तयार होते. थोरल्या सुनेने बहिणीच्या पानावर दोन केळी ठेवली, ठिपके पडलेली. मी पाटावरून उठलो, एक केळं उचललं, सोललं आणि खाल्लं. घास टाकायच्या आधी.

"नाना! काय करता!" सून ओरडली. "आत्याबाईंचं आहे ते!"

"तिचं नाही," मी म्हणालो. "तिने कधी खाल्लं नव्हतं. मी खाल्लं होतं."

साल घेऊन मी मधल्या खोलीत गेलो. धान्याचं कोठार आता नाही, तिथे लोखंडी कपाट आहे. मी ते साल कपाटाच्या मागे टाकलं, परत आलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, जे वर लिहिलं आहे ते, पहिल्यापासून. मुलगा निखाऱ्यांकडे बघत होता. संपल्यावर धाकटी सून हळूच थोरलीला म्हणाली, "ऊन लागलं वाटतं नानांना. पाणी द्या." आणि थोरलीने कोठीतून तिसरं केळं आणून माझ्या बहिणीच्या पानावर मोकळ्या जागी ठेवलं.

म्हणून हे कागदावर लिहितो आहे. पुढच्या आखाजीला मी असलो नसलो तरी हे मोठ्याने वाचावं, घास टाकायच्या आधी. तिच्या पानावर काय ठेवायचं ते मला माहीत नाही. तिला काय आवडायचं हे आम्ही कुणी तिला कधी विचारलंच नाही. केळी ठेवू नका.